इंग्रजी शीर्षकात कॅपिटल अक्षर कुठे द्यायचं? पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

इंग्रजीत प्रबंध किंवा अहवाल लिहिताना मजकूर कसाबसा मार्गी लागतो, पण शीर्षकापाशी येऊन हात अडखळतो. 'विथ'चं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं का? 'इज' एवढासा शब्द, तो स्मॉलच ठेवायचा ना? तिघांना विचारावं तर तीन उत्तरं मिळतात. बऱ्याचदा तिन्ही बरोबरही असतात, कारण तिघं वेगवेगळ्या नियमावल्या पाळत असतात, फक्त ते कोणी सांगत नाही.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही, त्यामुळे आपल्या नजरेला ही सवय लहानपणापासून नसते. इंग्रजी प्रबंध आणि अहवाल तपासताना मला दोनच गोष्टी सतत आढळल्या. एक, लिहिणाऱ्यानं कोणती नियमावली पाळायची हे आधी ठरवलेलंच नसतं. दोन, तो शब्दाची लांबी बघून निर्णय घेतो, शब्द त्या वाक्यात काय काम करतोय ते बघत नाही. या दोन गोष्टी सुधारल्या की ऐंशी टक्के नव्हे, जवळजवळ सगळाच गोंधळ संपतो.

वाचण्याआधी एक खूण लक्षात ठेवा. या लेखात इंग्रजी शीर्षकं देवनागरीतच दिली आहेत. ज्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं तो शब्द ठळक केला आहे. साधा दिसणारा शब्द पूर्ण स्मॉल लिपीत आहे असं समजा.

## हाताशी काय हवं

- तुमच्या विद्यापीठाची, नियतकालिकाची किंवा कार्यालयाची लेखनविषयक सूचनापत्रिका. ती मिळेपर्यंत शीर्षकांना हात लावू नका.
- त्या पत्रिकेत ज्या नियमावलीचं नाव असेल तिचं नाव आणि आवृत्ती, दोन्ही.
- शब्दाची जात दाखवणारा इंग्रजी शब्दकोश. ऑनलाइन चालेल.
- तुमच्या लेखनातली सगळी शीर्षकं, उपशीर्षकं, तक्त्यांची आणि आकृत्यांची नावं एकाखाली एक लिहिलेली यादी. ही यादी करायला लोक कंटाळतात, पण विसंगती फक्त अशा यादीतच दिसते. पानापानांवर विखुरलेली शीर्षकं वाचताना ती कधीच दिसत नाही.

## १. नियमावली कोणाची ते आधी शोधा

इंग्रजी शीर्षकांसाठी सगळ्या जगाला बांधून ठेवणारा एकच नियम नाही. चार नियमावल्या सर्वांत जास्त भेटतात.

एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, परिचर्या आणि इतर सामाजिक शास्त्रांत ही चालते. सध्या तिची सातवी आवृत्ती वापरात आहे.

एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची. भाषा आणि साहित्याच्या अभ्यासकांची ही नियमावली. नववी आवृत्ती २०२१ मध्ये आली.

शिकागो, म्हणजे शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाची. पहिली आवृत्ती १९०६ची, अठरावी २०२४ची. इतिहासाचे अभ्यासक आणि पुस्तकांचे प्रकाशक हिच्याकडे वळतात.

चौथी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची, बातमीदारीसाठी.

इथे आवृत्ती का विचारायची? कारण नियम बदलतात. शिकागोच्या सतराव्या आवृत्तीत शब्दयोगी अव्यय कितीही लांब असलं तरी स्मॉल ठेवायचं होतं. अठराव्या आवृत्तीत पाच किंवा त्याहून जास्त अक्षरांचं अव्यय कॅपिटल झालं. म्हणजे 'शिकागोप्रमाणे लिहा' एवढी सूचना आता अपुरी आहे. मार्गदर्शकांनी नुसतं नाव सांगितलं तर नम्रपणे आवृत्ती विचारून घ्या.

कोणीच काही सांगितलेलं नसेल तर त्याच विभागातला अलीकडे मंजूर झालेला प्रबंध किंवा त्याच नियतकालिकाचा ताजा अंक उघडा आणि त्यातली शीर्षकं बघा. तिथे काही सूत्र दिसलं नाही तर वरच्यांपैकी एक नियमावली स्वतः निवडा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

## २. टायटल केस की सेंटेन्स केस?

टायटल केसमध्ये महत्त्वाचे सगळे शब्द कॅपिटलनं सुरू होतात. सेंटेन्स केसमध्ये साध्या वाक्यासारखं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, आणि विशेषनामं असतील तर तीही.

टायटल केस: **चेंजिंग पॅटर्न्स** ऑफ **रेनफॉल** इन **ड्राय रीजन्स**

सेंटेन्स केस: **चेंजिंग** पॅटर्न्स ऑफ रेनफॉल इन ड्राय रीजन्स

दोन्ही शुद्ध आहेत. इंग्रजी विकिपीडियावरच्या लेखांची शीर्षकं सेंटेन्स केसमध्ये असतात. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या लेखनविषयक मार्गदर्शिकाही सेंटेन्स केसच सांगतात. असोसिएटेड प्रेस बातमीचा मथळा सेंटेन्स केसमध्ये देते, पण पुस्तकाचं किंवा चित्रपटाचं नाव टायटल केसमध्ये. एपीएच्या सातव्या आवृत्तीत लेखातली पाचही पातळ्यांची शीर्षकं टायटल केसमध्ये येतात. सहाव्या आवृत्तीत खालच्या तीन पातळ्या सेंटेन्स केसमध्ये होत्या, म्हणून जुना नमुना समोर ठेवून लिहिणारे इथे हमखास फसतात.

निवड तुमच्या हातात असेल तर माझं स्पष्ट मत असं: सेंटेन्स केस घ्या. निर्णय कमी घ्यावे लागतात आणि विशेषनाम ठळकपणे उठून दिसतं. टायटल केस मागितली असेल तरच पुढच्या तीन पायऱ्यांचा खटाटोप आहे. सेंटेन्स केसवाल्यांनी पाचव्या पायरीतला अपूर्णविरामाचा भाग वाचून थेट सहाव्या पायरीवर जावं.

## ३. शब्दाची लांबी सोडा, काम बघा

टायटल केसमध्ये नाम, सर्वनाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण ही कायम कॅपिटलनं सुरू होतात. शब्द दोन अक्षरांचा असला तरी.

हा नियम वाचायला सोपा आहे आणि सगळ्यांत जास्त मोडला जातो तोही हाच. 'इज', 'आर', 'बी', 'डू' ही क्रियापदं आहेत. 'इट', 'ही', 'वी', 'माय' ही सर्वनामं किंवा सर्वनामासारखी वापरलेली विशेषणं आहेत. 'नॉट' हे क्रियाविशेषण. हे सगळे शब्द लहान दिसतात म्हणून लोक ते स्मॉल ठेवतात, आणि जाणकार वाचकाला पहिल्या ओळीतच खटकतं. हे उदाहरण बघा:

**व्हाय इट इज हार्ड** टू **बी** ऑन **टाइम**

'इट', 'इज', 'बी' तिन्ही कॅपिटल. 'ऑन' स्मॉल, कारण ते इथे शब्दयोगी अव्यय आहे. 'टू'ही स्मॉल, कारण ते क्रियापदाच्या मूळ रूपापुढचं आहे. एपीए, एमएलए आणि शिकागो याबाबत एकमत आहेत. असोसिएटेड प्रेस मात्र क्रियापदाआधीचा हा 'टू' कॅपिटल करते.

स्मॉल काय राहतं? तीन गट.

पहिला, उपपदं: 'अ', 'ॲन', 'द'. यात वाद नाही.

दुसरा, समान दर्जाचे शब्द जोडणारी उभयान्वयी अव्ययं: 'अँड', 'बट', 'ऑर', 'नॉर', 'फॉर'. यातही फारसा वाद नाही. गौणवाक्य जोडणाऱ्या अव्ययांना मात्र वेगळी वागणूक मिळते. 'बिकॉज', 'व्हेन', 'अनलेस' सगळीकडे कॅपिटल. 'इफ'बाबत मतभेद आहे. 'पंप बंद पडला तर काय होतं' अशा अर्थाचं शीर्षक घेऊ:

एमएलए आणि शिकागो: **व्हॉट हॅपन्स इफ** द **पंप फेल्स**

एपीए: **व्हॉट हॅपन्स** इफ द **पंप फेल्स**

एपीए तीन किंवा कमी अक्षरांचं उभयान्वयी अव्यय स्मॉल ठेवते, मग ते कुठल्याही प्रकारचं असो.

तिसरा गट शब्दयोगी अव्ययांचा. त्याला स्वतंत्र पायरी लागते. पण त्याआधी एकच शब्द दोन कामं करतो तेव्हा काय होतं ते समजून घ्या, कारण खरी पकड इथे येते. 'अप' हा शब्द घ्या.

**अ वॉक** अप द **हिल**

इथे 'अप' टेकडीशी जोडलेलं आहे, शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून स्मॉल.

**लुकिंग अप वर्ड्स** इन अ **डिक्शनरी**

इथे 'लुक अप' मिळून एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ 'शोधणं'. 'अप' क्रियापदाचाच तुकडा आहे, म्हणून कॅपिटल. तपासण्याची एक सोपी युक्ती: तो लहान शब्द काढून टाकून बघा. क्रियापदाचा अर्थच बदलला तर तो क्रियापदाचा भाग आहे. वर 'अप' काढलं तर शब्द शोधण्याऐवजी नुसतं बघणं उरतं. 'टेक ऑन', 'सेट अप', 'कॅरी आउट' ही प्रबंधांत वारंवार येणारी अशीच क्रियापदं. शंका आली की शब्दकोशात जोडक्रियापद म्हणून नोंद आहे का ते बघा. अर्धं मिनिट लागतं.

## ४. शब्दयोगी अव्ययं: इथे वाटा फुटतात

'विथ', 'फ्रॉम', 'अबाउट', 'बिटवीन', 'थ्रू' यांचं काय करायचं, याचं प्रत्येक नियमावलीचं उत्तर वेगळं:

- एपीए: चार किंवा जास्त अक्षरं असतील तर कॅपिटल.
- असोसिएटेड प्रेस: पुस्तकं वगैरेंच्या नावांत हाच चार अक्षरांचा नियम.
- शिकागो, अठरावी आवृत्ती: पाच किंवा जास्त अक्षरं असतील तर कॅपिटल.
- एमएलए: कितीही अक्षरं असोत, स्मॉल.

एकच शीर्षक घेऊन फरक बघा. त्यात 'विथ' चार अक्षरांचं आणि 'अमंग' पाच अक्षरांचं आहे.

एपीए: **लिव्हिंग विथ डायबेटीस अमंग यंग अडल्ट्स**

शिकागो १८: **लिव्हिंग** विथ **डायबेटीस अमंग यंग अडल्ट्स**

एमएलए: **लिव्हिंग** विथ **डायबेटीस** अमंग **यंग अडल्ट्स**

तिन्ही आपापल्या जागी बरोबर. चूक होते ती एका प्रकरणात पहिला आणि दुसऱ्या प्रकरणात तिसरा प्रकार आला तर.

अक्षरं मोजताना इंग्रजी स्पेलिंग मोजा. आपण मनातल्या मनात उच्चार मोजतो आणि घोळ होतो. 'थ्रू' उच्चारायला एक झटका, पण स्पेलिंगमध्ये सात अक्षरं. 'ओव्हर' चार, 'इन्टू' चार, 'अंडर' पाच, 'आफ्टर' पाच, 'विदाउट' सात. तुमच्या विषयात वारंवार येणाऱ्या दहा-बारा अव्ययांची अशी यादी करून भिंतीला चिकटवा. पुढे मोजावंच लागणार नाही.

## ५. पहिला शब्द, शेवटचा शब्द, अपूर्णविराम आणि संयोगचिन्ह

शीर्षकाचा पहिला शब्द कुठल्याही जातीचा असो, कॅपिटल. यात अपवाद शोधू नका.

शेवटच्या शब्दाला एमएलए आणि शिकागो हीच सवलत देतात. **द रूम वी मेट इन** या शीर्षकात 'इन' शेवटी आहे म्हणून कॅपिटल. एपीएच्या नियमात शेवटच्या शब्दासाठी अशी वेगळी तरतूद नाही, त्यामुळे तिथे तो स्मॉल राहतो.

अपूर्णविरामानंतर उपशीर्षक येत असेल तर त्याचा पहिला शब्द कॅपिटल. एपीए, एमएलए आणि शिकागो तिघांचंही हेच म्हणणं आहे. एपीए आणि शिकागोमध्ये सेंटेन्स केस असली तरी हा नियम लागू राहतो, आणि तिथेच तो विसरला जातो: **वॉटर** युज इन स्मॉल फार्म्स: **अ** फील्ड स्टडी. ग्रंथालयांच्या सूचींत मात्र उपशीर्षक स्मॉलनं सुरू झालेलं दिसेल. ती सूचीची स्वतःची पद्धत आहे, तिथून शीर्षक उचलताना तेवढं अक्षर बदला.

संयोगचिन्हानं जोडलेल्या शब्दांत दुसरा घटक महत्त्वाचा असेल तर तोही कॅपिटल, जसं **सेल्फ-रिपोर्ट**. मधला घटक अव्यय असेल तर तो स्मॉल: **स्टेप**-बाय-**स्टेप**.

## ६. सेंटेन्स केसमध्ये विशेषनामं सांभाळा

इथे आपल्याकडून एक ठरावीक चूक होते, आणि ती आपल्या लिपीमुळेच होते. कोणता शब्द इंग्रजीच्या दृष्टीनं विशेषनाम आहे याचा अंदाज मराठी मनाला पटकन येत नाही.

- भाषा, देश, राष्ट्रीयत्व: कायम कॅपिटल. 'मराठी', 'इंग्लिश', 'जपानीज' विशेषण म्हणून आले तरी.
- वार आणि महिने कॅपिटल. ऋतू मात्र स्मॉल.
- दिशा स्मॉल, पण ती प्रदेशाच्या नावाचा भाग असेल तर कॅपिटल, जसं **नॉर्थ अमेरिका**.
- अभ्यासविषय, म्हणजे 'केमिस्ट्री', 'इकॉनॉमिक्स', वाक्यात स्मॉल. भाषांची नावं याला अपवाद.
- आजारांच्या आणि सिद्धांतांच्या नावांत फक्त माणसाचं नाव कॅपिटल: **पार्किन्सन्स** डिसीज.
- जीवशास्त्रीय नावांत पहिला शब्द, म्हणजे 'जीनस'चं नाव, कॅपिटल, दुसरा शब्द स्मॉल: **होमो** सेपियन्स. टायटल केसमध्येसुद्धा दुसरा शब्द स्मॉलच. संगणक इथे 'सुधारणा' सुचवेल, ती नाकारा.
- रसायनशास्त्रातलं 'पीएच' जसं आहे तसंच: पहिलं अक्षर स्मॉल, दुसरं कॅपिटल. ते मोडायचं नाही.

आपला विषय आपल्याला मोठा वाटतो म्हणून 'क्लायमेट चेंज' किंवा 'मशीन लर्निंग' असे शब्द वाक्यात मध्येच कॅपिटल करण्याचा मोह होतो. आवरा. महत्त्वाची संकल्पना म्हणजे विशेषनाम नव्हे.

## ७. संदर्भसूचीला वेगळा नियम असतो

प्रबंधाच्या शीर्षकांना जी पद्धत वापरली तीच संदर्भसूचीत चालेल असं गृहीत धरू नका. एपीएमध्ये लेखातली शीर्षकं टायटल केसमध्ये असतात, पण संदर्भसूचीत पुस्तकाचं आणि शोधनिबंधाचं नाव सेंटेन्स केसमध्ये जातं. नियतकालिकाचं नाव मात्र टायटल केसमध्येच राहतं. एकाच नोंदीत दोन पद्धती शेजारी-शेजारी दिसतात, आणि ते बरोबर असतं. एमएलएमध्ये सूचीतही टायटल केस.

यावरून मूळ पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काय छापलंय याला अर्थ उरत नाही हे लक्षात येईल. मुखपृष्ठावर सगळं कॅपिटल असतं ते सजावटीसाठी. तुम्ही तुमच्या नियमावलीप्रमाणे बदलून लिहायचं. इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या नावांना त्या भाषेचा नियम लावा: जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटल असतं, ते तसंच ठेवा.

संदर्भ साठवण्यासाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर सगळी शीर्षकं सेंटेन्स केसमध्ये साठवा. सेंटेन्स केसवरून टायटल केस आपोआप तयार करता येते. उलटं करताना कुठलं नाव विशेष आहे हे प्रोग्रॅमला ओळखता येत नाही. शीर्षकाच्या रकान्यावर उजवं बटण दाबलं की अक्षरपद्धत बदलण्याचा पर्याय मिळतो. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत संदर्भसूचीसाठी बिबटेक वापरणाऱ्यांनी 'डीएनए'सारखे शब्द महिरपी कंसात ठेवावेत, नाहीतर कित्येक शैली ते स्मॉल करून टाकतात.

## ८. सॉफ्टवेअरवर कितपत विसंबायचं

वर्डमध्ये मजकूर निवडून शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की अक्षरपद्धत बदलत जाते. मात्र त्यातला प्रत्येक शब्द कॅपिटल करणारा पर्याय खरोखर प्रत्येक शब्द कॅपिटल करतो: 'ऑफ', 'द', 'अँड' सगळे. तो टायटल केस नाही. वेबपानांच्या सीएसएसमधला 'कॅपिटलाइज' हेच करतो. एक्सेलमधलं 'प्रॉपर' हे सूत्र आणखी पुढे जातं: ते लोपचिन्हानंतरचं अक्षरही कॅपिटल करतं, त्यामुळे 'डोन्ट'मधला शेवटचा 'टी' मोठा होतो, आणि 'डीएनए'ची शेवटची दोन अक्षरं स्मॉल होतात. शंभर ओळींच्या तक्त्यावर हे सूत्र चालवलं असेल तर संक्षेप एकेक करून तपासा.

संपूर्ण शीर्षक कॅपिटल अक्षरांत हवं असेल तर कॅप्स लॉक लावून टाइप करू नका. नेहमीसारखं टाइप करा आणि शैलीतून कॅपिटल दिसेल असं करा. पुढे पद्धत बदलायची वेळ आली तर एका ठिकाणी बदल पुरतो. एक पथ्य मात्र आहे: वर्डमध्ये शीर्षकशैलीला असं रूप दिलं तर अनुक्रमणिकेत मूळ टाइप केलेली अक्षरंच दिसतात. म्हणून खालचा मजकूरही नियमाप्रमाणेच टाइप केलेला हवा.

## ९. शेवटची फेरी

यादी समोर घ्या आणि ती तीनदा वाचा, प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधत. आधी फक्त लहान क्रियापदं आणि सर्वनामं. मग फक्त शब्दयोगी अव्ययं. मग अपूर्णविरामानंतरचा शब्द. सगळं एकदम शोधायला गेलं की डोळा वाचायला लागतो आणि तपासणं राहून जातं.

एकाच पातळीची शीर्षकं एकाच पद्धतीत आहेत ना ते बघा. तक्त्यांची आणि आकृत्यांची नावं विसरू नका. ती बहुधा वेगळ्या दिवशी, वेगळ्या घाईत लिहिलेली असतात.

दुरुस्ती कायम मूळ शीर्षकात करा. अनुक्रमणिकेत हातानं केलेला बदल ती पुन्हा अद्ययावत केली की पुसला जातो. सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर अनुक्रमणिका अद्ययावत करून मगच पीडीएफ काढा.

आणि मार्गदर्शकांनी किंवा संपादकांनी छापील नियमाहून वेगळं काही सांगितलं, समजा एमएलए असूनही 'बिटवीन' कॅपिटल हवा म्हणाले, तर वाद न घालता तसं करा. तो अपवाद यादीच्या वर तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या प्रकरणातही तो तसाच पाळला जाईल.